मधली सुट्टी

नीलम नगरात दुपारी दोनला
मागांचा आवाज एवढा, की दार वाजवून उपयोग नसतो.
कडी हातात धरून उभं राहायचं
आतल्या कुणाची तरी नजर पडेपर्यंत.

मी सर्वेक्षणाची बाई. एरवी चौथी ब.
यादीत होतं: येमूल अंबादास, मुलगी श्रावंती, वय दहा,
शाळा सोडून चौदा महिने.

आधी तिची बोटं बघितली.
मागच्या वर्षी दोन गल्ल्या पलीकडं
एक आई असंच म्हणाली होती, "घरीच शिकते की ओ,"
आणि पोरीची नखं तंबाखूनं पिवळी,
सुपात विड्यांचे कट्टे.
मी मान डोलावून पुढच्या घराला लागले होते.
ती पोरगी अजून माझ्या हजेरीत आहे.

श्रावंतीच्या बोटांना शाई होती.

अंबादासनं माग बंद केला.
एक बंद झाला की उरलेले तीन
किती मोठ्यानं बोलतात ते कळतं.
"आम्ही शिकवूलालोय की मॅडम. गणित मी,
मराठी हिची आई, तेलुगू फोनवर आत्या.
गुन्हा हाय का?"

मी पाठ केलेलं म्हटलं. सहा ते चौदा. हक्क मुलाचा.
आईबापाचं काम पाठवण्याचं.
"घरी शिकवू नका, असं लिवलंय का कुठं?"
नाही. शिकवा, असंही नाही.
तिथं कायद्यात जागा कोरी आहे,
आणि कोऱ्या जागेत उभ्या माणसाला
समितीपुढं बोलावता येतं.

रेणुका पाणी घेऊन आली. बोलली एवढंच:
"दोन वर्षं रोज सकाळी पोटात दुखायचं हिच्या.
रविवारी नाही दुखलं कधी."
कुठली शाळा, मी विचारलं नाही.
कागदावर होतं. माझीच.
तिचा वर्ग माझ्या फळ्यामागचा.

मग श्रावंतीनं जेकार्डचे पुठ्ठे आणले,
दोरीत ओवलेले, भोकं भोकं.
"भोक असलं की धागा वर. नसलं की खाली.
हा बघा, मोराचा मान."

"मोराची मान," तोंडातून निघून गेलं माझ्या.
तिचं बोट पुठ्ठ्यावर थांबलं.
भिंतीपलीकडून अधूनमधून येणारं एक हसू
मला आठवलं, सगळ्या वर्गाचं मिळून एक.
मी तेव्हा खडू मोडून पुढचं उदाहरण घालायची.

माझ्या अर्जात तीन चौकोन:
नियमित, अनियमित, शाळाबाह्य.
तिसऱ्यात खूण केली. दुसरं करता आलं नसतं.
आलं असतं का?

सुनावणी गुरुवारी.
माणसं वाईट नव्हती. कुणीतरी पंखा
अंबादासकडं वळवला, त्याचा सदरा भिजलेला बघून.
तो वह्या मांडत होता टेबलावर, एकेक,
बाजारात टॉवेल दाखवतात तसा, कड उलटून.
"गिऱ्हाईक परत पाठवील असं एक पान काढून दाखवा."

अध्यक्षबाई पोरीकडं वाकल्या.
"तुला शाळेत जायचंय का, बाळ?"
सगळे तिच्या तोंडाकडं.
मी पण. कुणाच्या बाजूनं, ते मला माहीत नव्हतं.

श्रावंती म्हणाली, "मधल्या सुट्टीला जायचंय."
थोड्या वेळानं म्हणाली, "फक्त मधल्या सुट्टीला."

अंबादासचे हात वह्यांवर तसेच राहिले.
गणित, मराठी, तेलुगू. एवढं सगळं देऊन
हे एक राहून गेलं होतं घरात.
माझ्या शाळेकडं तेच एक होतं तिला देण्यासारखं.

तीन महिन्यांची मुदत मिळाली.
क्लार्कनं माझ्या अहवालाला दोन भोकं पाडली
आणि फायलीच्या दोरीत ओवलं.
मी बघत बसले. यातून कुठला धागा वर जाणार.

पुढच्या मंगळवारी जायचंय मला, प्रगती बघायला.
तिची, असं पत्रात लिहिलंय.